अंगाबाहेरचा भार

माझे वडील ट्रक मोजायचे. शाळेत कुणी विचारलं तर मी "सरकारी नोकरी" एवढंच सांगत असे. मोटार वाहन निरीक्षक असं सांगितलं की मुली पुढचा प्रश्न विचारायच्या, म्हणजे काय करतात? खरं उत्तर असं होतं की ते रस्त्याच्या कडेला उभे राहतात, ट्रक थांबवतात आणि तो किती लांब, किती रुंद, किती उंच, किती जड आहे ते बघतात. जास्त असेल तर गावात शिरू देत नाहीत.

त्यांची नगरला बदली झाली तेव्हा दुष्काळ चालू होता. आई आदल्या वर्षीच गेली होती. मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होते. बी.ए.ची परीक्षा झाल्यावर ट्रंक घेऊन वडिलांचं घर सांभाळायला आले. सावेडीच्या रस्त्याला भाड्याचं घर होतं. मला ना धड स्वयंपाक येत होता, ना तिथलं बोलणं कळत होतं. घरात मराठीच बोलायचो, पण लहानपणापासून सगळी शाळा इंग्रजीतून झालेली. पुस्तकं, भांडणं, मैत्रिणींशी गुपितं, सगळं इंग्रजीत. माझं मराठी म्हणजे आईनं आणि मी जेवढं बोलून ठेवलं तेवढंच होतं.

वडिलांकडे चहाला कुणी येत नसे. येत ते कामासाठी, आणि काम होणार नाही हे कळलं की पुन्हा फिरकत नसत. ते नाक्यावरच्या हॉटेलात पाणीसुद्धा पीत नसत. थर्मास घरून न्यायचे. या माणसाच्या मुलीशी कोण कशाला बोलेल? वाण्याच्या दुकानात मी गेले की आधीची बोलणी थांबायची.

बोलायची ती फक्त शेजारची वहिनी. तिच्या नवऱ्याचा स्वतःचा ट्रक होता, म्हणजे खरं तर तिनंच आमच्यापासून सगळ्यांत लांब राहायला हवं होतं. पण मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळावर माझा हंडा तिरका लागलेला बघून ती म्हणाली, "अगं, पाणी हंड्यात पडू दे, का नुसता नळाचा आवाज ऐकायला आलीस?" आणि हंडा सरळ केला. ती माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. पाथर्डीकडच्या कोरड्या भागातली. तिनं मला भाकरी थापायला शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "ह्यो नकाशा कुठला म्हनायचा?" दुपारी ती धान्य निवडायला बसली की मी तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. बोलायची तीच, मी ऐकायची. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारी वाक्यं मोजली असती तर बहुतेक सगळी त्या ओट्यावरची निघाली असती. तो ओटा सुटला तर या गावात मला दुसरी जागा नव्हती, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

उन्हाळा चढला तसा तिच्या माहेरचा विषय रोज निघू लागला. तिच्या वडिलांची बैलजोडी जनावरांच्या छावणीत होती आणि छावणीतला चारा संपत आला होता. तिचे वडील म्हणत होते, आणखी दोनतीन दिवस चारा आला नाही तर येत्या बाजाराला जोडी घोडेगावला नेऊन विकून टाकतो. वहिनीचा नवरा अकोल्याच्या डोंगराकडून, भंडारदऱ्याच्या बाजूनं, भाताचा पेंढा भरून आणणार होता.

"पन पेंढा कसा असतो तुला म्हाईत हाय ना," वहिनी म्हणाली. "फुगतो लई. गाडीच्या मापात भरला तर मूठभर बी न्हाई बसत. अंगाबाहेर काढल्याबिगर खेप परवडत न्हाई. आन् गावातनं तर जावंच लागतं."

मला माहीत होतं. ट्रकच्या बाजूंच्या बाहेर भार जाता कामा नये, हा नियम वडिलांच्या तोंडून मी शंभरदा ऐकला होता. ते म्हणायचे, लोखंड आणि साखर वजनात सापडतात, चारा मापात सापडतो. असे फुगलेले ट्रक अंधार पडून साहेबलोक घरी गेल्यावर गावातून निघत, हेही सगळ्या नगरला माहीत होतं.

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "माझ्यासाठी तुझ्या वडलांकडं एक शब्द टाकशील का?"

तिनं माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिल्यांदाच. वडिलांना विचारून बघ, एवढंच ती म्हणत होती आणि तेवढं मला समजलं होतं. मला नुसतं "विचारते" म्हणायचं होतं. पण तिच्यासारखं बोलावं असं वाटलं, आणि मी म्हणाले, "हो वहिनी. शब्द देते."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला नवल वाटलं. तिनं दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. "बाई गं! लई मोठं काम केलंस." नुसतं विचारण्याचं एवढं काय, असं माझ्या मनात आलं. पण आनंदही झाला, आणि मी घरी आले.

रात्री जेवताना मी वडिलांना विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही, आवाजही चढवला नाही. "चाऱ्याच्या गाडीला वजन नसतं म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते," ते म्हणाले. "आधीच्या गावी अशीच एक गाडी बाजारपेठेत विजेच्या तारेला घासली. मी होतो तिथे. गाडी जळाली, दोन दुकानं जळाली. ड्रायव्हर उडी मारून वाचला. आपल्या कापडबाजाराकडच्या तारा बघितल्यास तू?" मग थोडा वेळ जेवून म्हणाले, "त्यांना सांग, मापात भरून दोन खेपा करा."

सकाळी हे सांगायला मी ओट्यावर गेले, तर वहिनी माझ्या आधीच बोलू लागली. तिनं आदल्या संध्याकाळीच अकोल्याकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर नवऱ्याला निरोप धाडला होता: भरपूर भर, आणि दिवसाच ये, नगरात कुणी अडवणार न्हाई.

"पण वहिनी," मी म्हणाले, "बाबा नाही म्हणाले."

"आसं कसं? तू शब्द दिलास ना?"

"म्हणजे, मी विचारलं त्यांना."

तिला मी काय म्हणते ते कळेना आणि मला तिला काय कळत नाही ते कळेना. मग ती हळूच म्हणाली, "थट्टा करतीस व्हय?" आणि आत गेली. निरोप परत फिरवायला काही मार्ग नव्हता. गाडी निघाली होती.

भर उन्हात एक सायकलवाला सांगत आला की नाक्यावर गाडी धरलीय. वहिनी माझ्या दारात आली, पदर खोचलेला. "चल. तुझा शब्द घिऊन चल." टांगा करून आम्ही नाक्याकडे निघालो.

लांबूनच गाडी दिसली. गाडी कसली, चाकांवर निघालेली गवताची गंजी. दोन्ही बाजूंनी हात हातभर पेंढा बाहेर लोंबत होता. वडील ओळंबा घेऊन उभे होते. सगळ्यांत बाहेर आलेल्या काडीपासून दोरीला बांधलेलं वजन खाली सोडायचं, आणि दोरी नि गाडीचं अंग यांच्यातलं अंतर मोजायचं, अशी त्यांची रीत. वहिनीचा नवरा कपाळाला हात लावून फळीवर बसला होता, बरोबर आलेला तिचा दीर चाकाशी उभा होता. मागे अडकलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर खाली उतरून गंमत बघत होते.

"काय शेठ," एकजण ओरडला, "आज लईच छाती काढून आलता! दिवसाढवळ्या!"

"अरं, त्यांचा वशिला हाय," दुसरा म्हणाला. "बायकोनं परवाना आनलाय वरनं."

सगळे हसले. तिच्या नवऱ्यानं वहिनीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्या एका बघण्यात तिची काय अवस्था झाली ते मी बाजूला उभी राहून पाहिलं. तिनं माझं बोलणं खरं धरून नवऱ्याला चारचौघांत आणून उभं केलं होतं.

मी आजवर चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. तरी वडिलांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, मी शब्द दिला होता."

त्यांनी दोरी गुंडाळली. "कुणाचा? माझा?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. ते तिच्या नवऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाहेरचं सगळं उतरवा. मापात आहे ते घेऊन जा, मग येऊन उरलेलं न्या. माल इथे राहू दे, शिपाई लक्ष ठेवील."

"शिपायाच्या भरवशावर न्हाई ठेवायचा," वहिनी म्हणाली. "भरवसा पाहिला आमी."

पेंढ्या उतरल्या. गाडी बारीक होऊन गावात शिरली. रस्त्याकडेला बाभळीखाली पेंढ्यांचा ढीग उरला आणि त्यावर वहिनी बसली. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या टोकाला बसले. पलीकडे दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यांतली एक ओरडली, "काय गं, पेंढ्याला दोन दोन राखनदार! एक शेळ्या हुसकायला, आन् एक रडायला का?" वहिनी हसली नाही. मी रडत नव्हते, पण तोंड तसं दिसत असावं.

शेळ्या खरंच आल्या. आम्ही दोघी आपापल्या बाजूनं हाकलत होतो. बऱ्याच वेळानं मी धीर करून म्हणाले, "वहिनी, शब्द टाकणं आणि शब्द देणं मला एकच वाटलं. मी विचारीन, एवढंच मला म्हणायचं होतं. आणि मी खरंच टाकला होता शब्द."

"टाकला?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुठं टाकला? उकिरड्यावर?"

मी घसरलेली एक पेंढी परत ढिगावर लावली.

"एवढी बुकं शिकलात तुमी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आन् शब्द दिला म्हंजी काय व्हतं, ते न्हाई शिकिवलं कुनी?"

तिनं तुमी म्हटलेलं मला आधी ऐकू आलं, बाकीचं वाक्य नंतर. मला वाटलं, रागाच्या भरात म्हणाली असेल. पण पुढे पाणी हवं का म्हणून विचारताना, शेळीला दगड मारू नका म्हणून सांगताना, ती तसंच बोलत राहिली. रागाच्या भरातलं असतं तर ते मधे कुठेतरी निसटलं असतं.

उन्हं कलली तेव्हा गाडी परत आली. तिचा नवरा उडी मारून उतरला आणि दुरूनच म्हणाला, "हायती! दोन्ही बैल हायती. दावं सुटलं न्हाई. म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं पेंढी घातली." वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि ती तिथेच, ढिगाऱ्याशी, खाली बसली. मलाही हायसं वाटलं. क्षणभर असंही वाटलं, की आता सगळं ठीक होईल. उरलेल्या पेंढ्या गाडीवर द्यायला मीही हात लावला. माझ्या हातून वर जाणारी पेंढी तिचा दीर मुकाट्यानं घेत होता.

गाडी भरली. नवरा, दीर आणि ती पुढे बसायला निघाले. ती बैल बघायला माहेरी चालली होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली आणि मला वाटलं, ती म्हणेल, येतेस का. जागा होईल, मी आक्रसून बसेन, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

"पुढं तिघांच्या वर बसायचं न्हाई ना?" ती म्हणाली. "इचारा तुमच्या वडलांना."

दीर फिसकन हसला. दार लागलं, गाडी गेली.

वडील नाक्यावरून चालत माझ्याजवळ आले. गाडी वळणापर्यंत जाईतो ते तिच्याकडे मागून बघत राहिले. "आता बरोबर भरलीय," म्हणाले. मी हो म्हणाले. खरोखरच एक काडी बाहेर नव्हती.

आमची पुढची बदली होईपर्यंत आम्ही शेजारीच राहिलो. तिनं शेजारधर्मात कधी उणं ठेवलं नाही. नळावर ती बाजूला सरायची, "तुमी घ्या आदी," म्हणायची. मी आजारी पडले तेव्हा पेज पाठवली. नवरा आणि दीर वडिलांना वाकून नमस्कार करत आणि माल मापात भरून आणत. वडिलांना त्याचं समाधान होतं. दुपारी तिच्या ओट्यावर सूप वाजायचं आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची. त्या वर्षी पाऊस झाला. दिवाळीला तिच्या दिरानं फराळाचं झाकलेलं ताट आणून दिलं, "साहेबांना द्या" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते ताट मी धुऊन, मूठभर साखर घालून, त्यांच्या ओट्यावर ठेवायला गेले. आत ती कुणाला तरी माहेरच्या बैलांचं सांगत होती, मधेच हसत होती. मी हाक मारली नाही. ताटावर फडकं नीट बसवलं आणि परत आले.