पास झालेली गाडी

चेन ऑइलचा वास आला की जर्मनीतल्या नेकारसुल्मचं वाहन तपासणी केंद्र आठवतं. एका वळणावर घसरल्यापासून मित्राला आपल्या स्पोर्ट्स बाइकची भीती बसली होती; हे फक्त मला ठाऊक होतं. बायकोला तो म्हणाला होता, "नापास झाली की विकून टाकू." तपासनिसाने ब्रेक, दिवे, टायर बघितले आणि पदक बहाल करावं तशा गांभीर्याने नंबरप्लेटवर पास झाल्याचा स्टिकर चिकटवला. मित्राचा चेहरा पडला. "चल, आता मला मागे बसवून घरी ने," वहिनी नवं हेल्मेट घालत म्हणाल्या. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', तो जर्मनमध्ये पुटपुटला. अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना. अजूनही ती गाडी प्रत्येक तपासणीत पास होते, कारण एरवी ती तळघरातून बाहेरच निघत नाही. मी दर वेळी अभिनंदन करतो. नक्की कुणाचं, ते विचारू नका.