रॉकेल ओतलेली पिल्लं

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी, तामसी गावाजवळच्या केळीच्या बागेत आमच्या शेजारच्या मावशीवर अन्याय झाला. केळीच्या बुडाशी फुटलेली जादा पिल्लं काढायचं काम तिचं. पिल्लाचं पान चिमटीत धरून ती त्याच्याशीच बोलायची, "तू तलवारीवानी निमुळतं, तू जगशीन. अन् तू रुंद पानाचं, नुसतंच फुगलं." प्रत्येक झाडाला एक जोमदार पिल्लू ठेवायचं, बाकीची कंदासकट काढायची. काढलेल्यातली निमुळती पिल्लं कामकरणीने घरी लावायला न्यायची, ही जुनी रीत. मावशीने घरामागे खड्डे खणून ठेवले होते.

मालकाने तिच्या ढिगावर कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, रॉकेल ओतलं; त्याने कंद जळतो, पिल्लू पुन्हा रुजत नाही. म्हणाला, "घरोघरी केळी झाल्या, तर माह्या बागेत राबाले कोण येईन?"

मी मजूर संघटनेची पत्रकं वाटायला आलो होतो, बांधावरूनच ओरडलो. मावशीनेच मला गप्प केलं. "काऊन बोंबलून राह्यला बापू? जळाली आता ती." मग ती मालकाच्याच बागेतल्या पुढच्या झाडापाशी बसली आणि तिथलं सगळ्यात जोमदार पिल्लू नीट राखलं. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

बागवाल्यांनो, यंदा पिल्लं काढाल तेव्हा निमुळती पिल्लं काढणारीच्या टोपलीत स्वतःच्या हाताने घाला.