पटांगण तापेपर्यंत

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, अशी कॅमेरावाल्याने काही शपथ घेतली नव्हती. पण त्याच्या तोंडून 'हो' निघायला घटका जायची. वीस वर्षांपूर्वी एका मुलीने भर रस्त्यात विचारलं, "माझ्याशी लग्न करणार का?" हा पठ्ठ्या म्हणाला, "अजून माहीत नाही." अकराव्या दिवशी होकार घेऊन गेला, तेव्हा तिने आधी दार लावलं आणि मग उघडलं. तीच आता त्याची बायको, बर्फाच्या कारखान्यात पॅकिंगला. ऑफिसात मात्र त्याचं नावच पडलं 'माहीतनाही'.

आज हा माहीतनाही छोट्या विमानाच्या पोटात, खाली तोंड करून बसवलेल्या कॅमेऱ्याशेजारी अंग चोरून बसला होता. हा कॅमेरा उजेड बघत नसे, उष्णता बघे. तीही कांद्यासारखी सोलून, शंभरावर पदर वेगळे करून. प्रत्येक वायू जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेतले आपले ठरलेले पदर खातो. कोणते पदर कुरतडलेत ते बघितलं की चोर सापडला.

आजचा चोर अमोनिया, बर्फ गोठवायला लागणारा विषारी वायू. काल बर्फाच्या कारखान्यात त्याची नळी फुटली होती. मोजायला आत गेलेले दोघे खोकत बाहेर आले. व्हॉल्व्ह बंद केले, पण वास जाईना. गळती थांबली की चालूच आहे, हे आता वरून सांगायचं होतं. सकाळच्या पाळीची साठ माणसं गेटाबाहेर खोळंबली होती. त्यांत बायको.

पहिली फेरी झाली. पडद्यावर कारखान्याचं सिमेंटचं पटांगण धुतल्या पाटीसारखं कोरं.

"स्वच्छ ना?" रेडिओवर मॅनेजर. "उघडतो गेट."

कॅमेरावाल्याची नजर आकड्यांवर गेली. पटांगण एकोणीस अंश, हवाही एकोणीस. जमीन आणि हवा सारखीच तापलेली असली, की वायू जेवढं खातो तेवढंच ओकतो. चोर समोर उभा, पण दिसायचा नाही. सकाळी थोडा वेळ हे असंच चालतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"अहो, चित्र कोरं आहे ना?"

"कोरं आहे."

"मग?"

"कोरं आहे म्हणून स्वच्छ आहे, असं नाही. पटांगण तापू द्या."

"इथे माणसं तापलीत!" मॅनेजर ओरडला. "दहा मिनिटं देतो. मग माझ्या जबाबदारीवर उघडणार."

"माहीतनाहीसाहेब," पुढून वैमानिक म्हणाला, "इंधन बेताचं आहे. पंधरा मिनिटांत मागे वळलो नाही, तर आपण विमान नाही, दगड."

"मग चौदा मिनिटं फिरव, बाबा."

दुसरी फेरी. वीस अंश. काही नाही. खाली गेटाशी माणसांचा पुंजका आत सरकल्यासारखा वाटला. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग बघायचंच सोडलं.

तिसरी फेरी. साडेएकवीस. पॅकिंगच्या मागच्या भिंतीला चिकटून एक फिकट पिसारा. त्याने पदर उलगडले. अमोनियाचे ठरलेले दोन्ही पदर कुरतडलेले.

"गेट उघडू नका! गळती चालू आहे. पॅकिंगच्या मागे."

"नक्की?"

"नक्की."

वैमानिकाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "हा शब्द तुला येतो?" म्हणाला आणि विमान घराकडे वळवलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "गेट उघडा म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होते." मग आवाज जरा खाली आला. "मी तिथे उभी आहे, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"तरी 'माहीत नाही' म्हणालास?"

"म्हणून तर म्हणालो."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जास्तच जोरात ठेवला.

"आणि ते अकरा दिवस? तेव्हा कुठलं पटांगण तापायचं होतं रे?"