भिंतीमागची ऊब

त्याचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही वेळ लागतो. सगळे त्याला दचक्या म्हणतात. मागून कुणी खाकरलं तरी गडी वीतभर उडतो. लग्नात नवरी शिंकली तेव्हा हा खुर्चीवरून खाली आला, असं त्याची मेहुणी अजून सांगते. ऐकीव गोष्ट आहे. त्यात खुर्ची तेवढी माझ्या पदरची.

धंदा शेणखताचा. शेजारच्या गवळ्याच्या गोठ्यातलं शेण आणायचं, त्यात पेंढा आणि पालापाचोळा घालून ढीग रचायचा, पाणी मारायचं. ढीग आतून तापतो. फार तापला तर पेट घेईल, म्हणून वेळीच उपसून, निववून पुन्हा रचायचा. या कामात भित्रा माणूस सोन्यासारखा. ढिगात खुपसलेली लोखंडी सळई तो येता-जाता उपसून मनगटाला लावी आणि चटका बसला की फावडं उचली. म्हणून तर त्याचं खत काळंभोर, भुसभुशीत. नाकाला लावलं तरी नुसता मातीचा वास.

त्या हिवाळ्यात त्याच्या आईच्या हाडांत थंडी शिरली. तिची खाट मागच्या खोलीत, भिंतीला लागून. म्हातारी कण्हायची आणि पोरगा इकडे घाबराघुबरा व्हायचा. शेवटी त्याने डोकं लढवलं आणि नवा ढीग त्याच भिंतीला बाहेरून टेकवून रचला. हळूहळू भिंत कोमट झाली. म्हातारी पाठ टेकून चक्क घोरू लागली.

"पोरगा कामाला आला गं," ती सुनेला म्हणाली. "आजवर नुसता शेणात हात घालून बसला होता."

"आताही शेणच आहे, सासूबाई," सून म्हणाली. "फक्त तुमच्या पाठीमागे आहे."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. ढीग उपसावा तर तो निवणार, भिंत गार पडणार, आई पुन्हा कण्हणार. सळईचा चटका बसत होता, तरी दचक्या 'उद्या बघू' म्हणत राहिला. उलट वरून आणखी शेण-पेंढा चढवला. ढीग खिडकीच्या लाकडी चौकटीला भिडला. वारा कोरडा सुटलेला. वरचं शेण वाळून कडकडीत झालं.

एका दुपारी त्याने सळई उपसली तर टोकाला राख. मागोमाग जळक्या पेंढ्याचा वास आला. तो आत धावला. भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आई, ऊठ."

"का रे? आज कुठे कंबर मोकळी झालीय. तवा तापावा तशी तापलीय भिंत."

"आई, ऊठ ना गं!"

"तुझं हे रोजचंच. मांजर आडवं गेलं असेल."

खिडकीच्या फटीतून धुराची बारीक रेघ आत आली. तो म्हणाला, "भिंतीमागे आग लागलीय. माझ्यामुळे."

"मग मेल्या, गप्पा काय मारत बसलायस?"

नवरा-बायकोने खाट उचलली, पण ती दारात तिरकी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. बाहेरून गवळ्याचा आवाज आला, "धूर निघतोय रे! थांब, फावड्याने फोडतो ढीग!"

"हात लावू नको!" दचक्या असा ओरडला की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. "हवा लागली की भडकेल! आई आत आहे!"

त्याने आईला पाठीवर घेतलं आणि खाटेवरून चढून बाहेर पडला. म्हातारी कानाशी पुटपुटली, "पाडशील रे मला." जरा वेळाने म्हणाली, "मान तरी धूत जा."

तिला गवळ्याच्या ओट्यावर बसवून तो ढिगाकडे वळला. गोणपाटं भिजवली. गवळी पाणी मारत होता, सून बादल्या भरत होती, आणि हा बाहेरच्या कडेने थोडं थोडं ओढून पसरत, विझवत होता. गाभ्यापाशी पोचला तशी हातभर ज्वाळा उठली आणि खिडकीची चौकट धडधडा पेटली. वर छपराचे वासे. दचक्याचे दात वाजत होते, पण ओलं गोणपाट त्याने चौकटीवर दाबून धरलं, हात भाजेपर्यंत. चौकट कोळसा झाली. वासे वाचले.

संध्याकाळी म्हातारीने त्याचे भाजलेले पंजे मांडीवर घेतले. "थंडीने मी मरत नाही रे. तुझ्या मायेने मात्र आज मेले असते."

आता ढीग आवाराच्या पार टोकाला असतो आणि म्हातारी दोन गोधड्यांत कण्हत असते. दचक्या येता-जाता खोलीत डोकावतो, भिंतीवर तळवा ठेवतो.

"गार आहे रे," गोधडीतून आवाज येतो. "जा आता कामाला."

तो जातो. आणि दारातून परत वळून एकदा हात लावून बघतो.