समोरून सोडलेला तीर

आमच्या शेजारच्या रवळूआप्पाला अख्खी गल्ली 'बघ्या' म्हणायची. खानापूरच्या रानाला लागून आमचं गाव. शिकारी घरटी एक, आणि सगळे पान हललं की तीर सोडणारे. हा मात्र तिरकमठा घेऊन पहाटे जायचा आणि दहातल्या आठ वेळा हात हलवत परत यायचा. जनावर वीस पावलांच्या आत हवं, आडवं उभं हवं, पुढच्या पायामागची चार बोटं जागा मोकळी दिसायला हवी. एवढं जुळलं तर तीर, नाहीतर नुसतं बघणं.

तरुणपणी त्यानं एकदा माती खाल्ली होती. घाईनं मारलेली चितळाची मादी त्याला चौथ्या दिवशी सापडली, जखमेत किडे पडलेली आणि जिवंत. मला विचाराल तर साऱ्या गावात शिकारी तो एकटाच होता, बाकीचे नुसते खादाड.

मानमोडीच्या तापाच्या सालात, म्हणजे एकोणीसशे अठराला, त्याची बायको बाळाबाई अंथरुणाला खिळली. घशाखाली घास उतरेना. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "भेकराचा पातळ रस्सा मिळाला तर दोन घोट घेईन." माझ्या आईला, जयाबाईला, तिच्या उशाशी बसवून आप्पा निघाला.

दुपारी ओढ्यावर भेकर आलं, पंधरा पावलांवर. पण तोंड याच्याकडे. समोरून मारलेला तीर छातीच्या हाडावर अडतो हे याला पक्कं ठाऊक. तो थांबला. भेकर वळेना. घरी बाळाबाईची छाती घरघरत होती. त्यानं तीर सोडला.

भेकर तीर घेऊन पळालं. तसाच घरी परतला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण जखमी जनावर रानात टाकून येणं त्याला जमलं नाही. रक्ताचे थेंब शोधत दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ते कारवीच्या जाळीत गाठलं. अजून धुगधुगी होती. सुरीनं ते संपवून, खांद्यावर टाकून तो तिन्हीसांजेला अंगणात आला. बाळाबाई सकाळीच गेली होती. तिला पोचवून माणसं परतलीही होती.

आईनं तोंड आवरायला हवं होतं. मला अजून तिचा राग येतो. पण तिनं सांगितलंच, "दाराकडंच बघत हुती. शेवटी म्हणाली, ह्येंनी समोरनं तीर सोडला असणार गं, न्हायतर एवढा उशीर करत न्हाईत."

"व्हय," आप्पा म्हणाला आणि त्यानं भेकर खाली ठेवलं.

त्या भेकराला कुणी सुरी लावली नाही. तिरकमठा आढ्याला टांगला गेला तो गेलाच. आता सत्तेचाळीस साल आहे, त्याची दोरी उंदरांनी कधीच खाल्ली. परवा न राहवून मी विचारलं, "आप्पा, थांबला असतास तर वळलं असतं काय रं ते?"

"वळलं असतं की," तो म्हणाला. "जरा येळ दिला की सगळी वळत्यात."