‘इट’ला मधे बसवा!

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. मी तर अजिबातच नाही! पण रेवदंड्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मोठ्या माणसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास घ्यायला लागल्यापासून ते आपोआप साठत चाललेत. त्यातले निम्मे तर फ्रेजल व्हर्बच्या एकाच धड्याचे. साध्यासुध्या क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ असलं काहीतरी शेपूट लागतं आणि अर्थ कुठल्या कुठे जातो, तो धडा. खरं सांगते, तो मलाही पुरता कळलेला नाही. पण लोक ‘बाई’ म्हणतात, म्हटल्यावर शिकवावं लागतं.

*

रंजनाताईचा समुद्राकडे दोन खोल्यांचा होमस्टे आहे. एकदा पडवीत शेगडीवर ती बांगडे भाजत होती आणि धूर सगळा पाहुण्यांच्या खोलीत. बंगळूरची पाहुणी खोकत बाहेर आली. “प्लीज, पुट द फायर आउट!”

रंजनाताईने दोन फडकी घेतली, पेटती शेगडी बांगड्यांसकट उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. धूर गेला. पाहुणी “थँक यू” म्हणाली.

मी क्लासमध्ये कपाळावर हात मारला. “अगं, पुट आउट म्हणजे विझवणं!”

“कसं काय, बाई? पुट म्हंजे ठेव. आउट म्हंजे भायेर. मधी फायर. मी फायर भायेर ठेवली. विझवली असती तर बांगडे कच्चे न्हाय ऱ्हायले असते?”

मी पुढचं क्रियापद घेतलं.

*

पुढचं होतं ‘पिक अप’. ते घ्यायलाच नको होतं.

मंगेश रिक्षा चालवतो. रंजनाताईच्या पाहुण्यांना ने-आण करायला इंग्लिश हवं, म्हणून तो क्लासला येतो. त्याला एका पाहुण्याचा मेसेज आला, ‘पिक अप माय मदर अँड टू बॅग्ज फ्रॉम मांडवा जेट्टी.’

मंगेशने चुलतभावाचा पिकअप पाठवला. मासळीचा बर्फ वाहणारा टेम्पो! त्या माउली चांगली सिल्कची साडी नेसून बोटीतून उतरल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसून रेवदंड्यापर्यंत आल्या. बॅगा मागे, बर्फाच्या खोक्यांत.

“मंगेश, अरे तुला रिक्षा घेऊन बोलावलं होतं!”

“बाई, त्यांनी लिवलंय काय? पयलं पिकअप. मग मालाची यादी. माय मदर एक, बॅगा दोन. ‘पिक माय मदर अप’ असं लिवलं असतं तर मना कळलं असतं ना!”

मी त्याला सांगणार होते की दोन्हींचा अर्थ एकच. पण त्याच्या बाबतीत तो एक नव्हताच.

*

मग मी नियम फळ्यावर लिहिला. कर्म नाम असेल तर ते क्रियापद आणि शेपटाच्या मधेही बसतं, शेवटीही बसतं. पण ‘इट’, ‘हिम’ असलं सर्वनाम असेल तर मधेच बसवायचं. ‘पिक अप हिम’ चालणार नाही. ‘पिक हिम अप’.

“का?” रंजनाताईने विचारलं.

का ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खडू झटकत बसले.

मंगेश मदतीला धावला. “सोपं हाय. ही रिक्षाची मागची सीट समज. ‘माय मदर’ धडधाकट पॅसेंजर, मधी बसंल न्हायतर कडंला. ‘इट’ एवढासा. कडंला बसवला तर वळणावर भायेर पडंल!”

मी बी.एड. केलंय, पण इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नाही. फळ्यावर रिक्षा काढून टाकली.

तेवढ्यात इरफानने हात वर केला. “मग बाई, ‘लुक माय मदर आफ्टर’ चालेल?”

इरफान काशीदच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरतो. दुबईच्या हॉटेलात नोकरी मिळावी म्हणून क्लास लावलेला. घरी फक्त अम्मी, तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं.

“नाही चालणार. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ते तोडता येत नाही. ‘लुक आफ्टर माय मदर’.”

“म्हणजे मदर टोकाला एकटी?”

मी घाईघाईने फळा पुसला.

*

इरफानचा इंटरव्ह्यू मोबाइलवर, आमच्याच खोलीत झाला. गिरणीवाल्याने तेवढ्यापुरती गिरणी बंद ठेवली. पलीकडच्या मॅडमनी विचारलं, संध्याकाळी गेस्टच्या बेडचं काय करता?

इरफान म्हणाला, “आय टर्न डाउन द बेड.”

माझा जीवच गेला! टर्न डाउन म्हणजे नाकारणं. हा बेड नाकारतो? कॅमेऱ्यामागून मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, ओठांनी ‘नो, नो’ केलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, “व्हेरी गुड!”

हॉटेलात चादर दुमडून झोपायची तयारी करतात, त्यालाही टर्न डाउनच म्हणतात म्हणे! हे मला इरफानने शिकवलं.

*

ऑफर आली. अम्मीने अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं. इरफानला फक्त होकार लिहायचा होता. त्याने उत्तर पाठवलं आणि मग मला दाखवायला फॉरवर्ड केलं. ‘डिअर मॅडम, थँक यू फॉर द जॉब. आय टर्न इट डाउन.’

मी आधी खूश झाले. ‘इट’ बरोब्बर मधे! मग अर्थ डोक्यात शिरला आणि मी चपला घालायच्या आत मंगेशला फोन केला. पाच मिनिटांत आम्ही इरफानच्या दारात.

“अरे, हे बेडचं टर्न डाउन लिहिलंस की दुसरं?”

“नोकरीला बेडचं कसं लागेल, बाई?” तो हळूच म्हणाला.

“अजून वेळ आहे. चुकून गेलं म्हणून कळव त्यांना!”

भिंतीला हात लावत अम्मी चहा घेऊन बाहेर आली, तर त्याने उठून तिच्या हातातून कप घेतले.

“बाई, तुमचे फार उपकार,” अम्मी म्हणाली. “इरफान म्हणतो, नोकरी टर्न डाउन केली. मी विचारलं तर म्हणतो, बाईंना विचार. म्हणजे आता कधी निघायचं त्याला?”

मी इरफानकडे बघितलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता.

“चाची,” मी म्हटलं, “ते क्रियापद मलाही अजून नीट येत नाही.”