विटांवरची भाकरी

काल सुनेने पापड भाजला आणि मिऱ्याच्या वासाने मला उल्हासनगरची सिंधी अम्मा आठवली. तिच्याकडे मी पापड लाटायला जायचे.

आमचं गाव धरणात जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. खरवईला जागा मिळाली होती, पण मी चूल घातली नव्हती. चूल घातली की गाव सुटलं, असं मला वाटायचं. तीन विटांवर भाजलेली कच्चीपक्की भाकरी पोरं खायची.

विटांचं कळल्यावर अम्माने एकदा माझ्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं. पाहुण्याला द्यायची त्यांची ती रीत.

"चूल का नाही घालत गं?"

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा चौथरा दिसतो, अम्मा."

"मी पण कॅम्पात चार साल विटांवरच रोटी केली. वाटायचं, सिंधला परत जाऊ. कोणी बोलवायला आलं नाही. बच्चे कच्चं खाऊन मोठे झाले."

"मग?"

"मग घातली चूल. सिंध काय रागावला नाही माझ्यावर."

मला तिचाच राग आला. तरी घरी जाताना वाटेतल्या ओढ्याची माती पदरात बांधून नेली. चूल वाळल्यावर पहिली भाकरी टम्म फुगली.

धाकटी म्हणाली, "आये, गावच्यासारखी झाली."

"गप खा," मी म्हटलं आणि दुसरी थापायला घेतली.